स्कॉटलंडच्या जुन्या चर्चआवारातल्या थडग्यांवरून घराण्याचा माग कसा काढावा

स्कॉटलंडमध्ये पूर्वजांचा शोध घेणारे बहुतेक लोक एकाच ठिकाणी चुकतात. ते थडग्यापासून सुरुवात करतात. आडनाव जुळलं, साल साधारण बसलं की फोटो काढून नाव वंशावळीत चढवतात. पण एकाच पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखात), एकाच पिढीत, एकाच नावाची चार-पाच माणसं असणं तिथे अगदी नेहमीचं आहे. शिवाय दगडावरचा मजकूर म्हणजे सरकारी दाखला नव्हे. मागे राहिलेल्या कुणीतरी, कधी कधी मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, आठवेल तसं सांगून कोरून घेतलेलं ते विधान असतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी कागद, मग दगड, मग पुन्हा कागद. इंग्लंडसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका इथे जशाच्या तशा वापरू नका. नोंदणीचा कायदा, बायकांची नावं लिहिण्याची रीत आणि दफनभूमीची मालकी, या तिन्ही बाबतींत स्कॉटलंड वेगळं आहे.

## टप्पा 1: घरबसल्या कागद, 1855 च्या रेघेपर्यंत

जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची नागरी नोंदणी स्कॉटलंडमध्ये 1 जानेवारी 1855 पासून सुरू झाली. त्याआधी मुख्यतः चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जुन्या पॅरिश नोंदवह्या होत्या. त्यातली सगळ्यात जुनी, पर्थशरमधल्या एरल पॅरिशची, 1553 पासूनची आहे. बऱ्याच पॅरिशच्या वह्या मात्र फार उशिरा सुरू होतात आणि दफनाच्या नोंदी सगळ्यात कमी आढळतात. थडग्याचा दगड खरा उपयोगी पडतो तो इथे. 1855 नंतरच्या माणसासाठी दगड हा पूरक पुरावा, 1855 पूर्वीच्या माणसासाठी तो अनेकदा एकमेव पुरावा.

करायचं असं:

1. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडच्या स्कॉटलंड्सपीपल या अधिकृत संकेतस्थळावर खातं उघडा. नोंदींच्या सूचीत शोधणं फुकट आहे, मूळ पानाची प्रतिमा पाहायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. मृत्यूनोंदीच्या प्रतिमा 50 वर्षांनंतर, विवाहाच्या 75 आणि जन्माच्या 100 वर्षांनंतर ऑनलाइन खुल्या होतात.
2. 1855 नंतर वारलेल्या सर्वांत जुन्या पूर्वजाची मृत्यूनोंद आधी काढा. स्कॉटिश मृत्यूनोंदीत वडिलांचं नाव, आईचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. एका नोंदीत एक पिढी मागे जाता येतं.
3. मृत्यू 1855 ते 1860 मधला असेल तर ती नोंद सोडू नका. या सहा वर्षांत दफन कुठे झालं हेही लिहिलं जात असे, म्हणजे चर्चआवाराचं नाव हातात येतं. मात्र 1856 ते 1860 च्या नोंदींत जोडीदाराचं नाव नसतं, हे ध्यानात ठेवा.
4. 1841 पासूनच्या दर दहा वर्षांच्या जनगणनेत कुटुंब शोधून शेताचं किंवा वस्तीचं नाव टिपून घ्या. पुढे याच नावावर सगळं अवलंबून असतं.

सावध: मृत्यूनोंदीतली आईवडिलांची नावं माहिती देणाऱ्याने सांगितलेली असतात. जावई किंवा शेजारी माहिती देणारा असेल तर आजीचं माहेर चुकलेलं असण्याची शक्यता बरीच.

तपासा: पुढे जाण्यापूर्वी तुमच्याकडे तीन गोष्टी हव्यात: पूर्ण नाव, जोडीदाराचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासह, आणि पॅरिश. यातली एक जरी नसेल तर गाडी काढू नका.

## टप्पा 2: कुठलं आवार?

स्कॉटलंडमध्ये नऊशेहून जास्त जुन्या पॅरिश होत्या आणि 1891 च्या सुमारास त्यांच्या सीमा बऱ्याच ठिकाणी बदलल्या. आजच्या नकाशावरून पॅरिश ठरवलीत तर शेजारच्या आवारात जाऊन रिकाम्या हाताने परताल. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशाखात्याची एकोणिसाव्या शतकातली सहा इंची (मैलाला सहा इंच) पहिली आवृत्ती फुकट पाहता येते. तिच्यात शेताचं नाव शोधा, पॅरिशची सीमा पाहा आणि मग जवळचं दफनस्थान शोधा.

इथली नेहमीची फसगत अशी की चर्च हललं, आवार तिथेच राहिलं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पुष्कळ गावांनी नवं चर्च सोयीच्या रस्त्यावर बांधलं, पण दफन जुन्या पडक्या चर्चभोवतीच होत राहिलं. आजच्या चर्चभोवती दगड नसतील तर जुन्या नकाशावर ‘चर्चचे अवशेष’ किंवा नुसतं ‘दफनभूमी’ असं लिहिलेलं ठिकाण शोधा. ते कधी शेताच्या मध्यावर असतं, कधी समुद्रकाठी.

दुसरी चूक पंथाची. 1843 च्या फुटीत चर्च ऑफ स्कॉटलंडमधून फ्री चर्च वेगळं झालं. त्याआधीही फुटून निघालेले गट होतेच, शिवाय कॅथलिक आणि एपिस्कोपल (बिशपची व्यवस्था मानणारी) कुटुंबं होती. यांच्या मुलांचे बाप्तिस्मे पॅरिशच्या वहीत सापडतीलच असं नाही. पण गावात पुरायला जागा एकच असल्यामुळे माणसं बहुधा त्याच जुन्या आवारात आहेत. वहीत नाव नाही म्हणून आवार वगळू नका. उलट अशाच कुटुंबांसाठी दगड जास्त बोलतो.

## टप्पा 3: आधी झालेली वाचनं

बऱ्याच आवारांतले 1855 पूर्वीचे दगड स्थानिक इतिहासमंडळांनी कधीच वाचून ठेवले आहेत. एडिंबऱ्याची स्कॉटिश जिनिऑलॉजी सोसायटी आणि ईशान्य भागासाठी ॲबर्डीनची फॅमिली हिस्ट्री सोसायटी, या दोघांकडच्या याद्या आधी पाहा. फाइंड अ ग्रेव्ह आणि बिलियनग्रेव्हज या संकेतस्थळांवर फोटो मिळतात, पण तिथली मजकुराची नोंद कोणीही करू शकतो, तेव्हा फोटो दिसत असेल तर फोटोच वाचा.

छापील यादी वापरताना तीन गोष्टी तपासा. एक, यादी 1855 पाशी तोडलेली आहे का? तसं असेल तर त्याच दगडावर खाली कोरलेली 1870 ची सून यादीत नसणार. दोन, मजकूर संक्षिप्त केलाय का? जागा वाचवण्यासाठी बायबलची वचनं गाळणं ठीक, पण काही वाचकांनी धंदा आणि शेताचं नावही गाळलेलं असतं. तीन, यादी कधी केली? पन्नास वर्षांपूर्वीचं वाचन आजच्या तुमच्या वाचनापेक्षा बहुधा चांगलं, कारण तेव्हा वालुकाश्म एवढा झडलेला नव्हता. जुनं वाचन आणि तुमचं वाचन जुळलं नाही तर दोन्ही नोंदवा, एक खोडू नका.

यादीतला दगडाचा क्रमांक आणि आवाराचा आराखडा छापून सोबत न्या.

## टप्पा 4: परवानगी, वेळ, सामान

1925 च्या कायद्याने पॅरिशची चर्चआवारं चर्चकडून स्थानिक प्रशासनाकडे गेली. म्हणून आज बहुतेक जुन्या आवारांचा ताबा कौन्सिलकडे असतो, आणि पुरण्याच्या जागेची, म्हणजे तिथल्या बोलीत ‘लेअर’ची वही असलीच तर तीही कौन्सिलच्या दफनविभागात असते. पाद्रीबुवांना पत्र लिहून महिनाभर उत्तराची वाट पाहू नका. दफनविभागाला ईमेल करून दोन प्रश्न विचारा: या आवाराची लेअरवही आहे का, आणि ती कोणत्या वर्षापासून? लेअरवहीत दगड नसलेल्या दफनांचीही नोंद सापडू शकते.

पाहायला आणि फोटो काढायला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. दगड साफ करायचा, आडवा पडलेला उलटायचा किंवा गवताखालचा उघडा करायचा असेल तर लागते. पडकं चर्च किंवा आवार संरक्षित स्मारक असेल तर कौन्सिलची परवानगी पुरत नाही, हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी वारसासंस्थेची संमती घ्यावी लागते.

वेळ निवडताना गवत आणि सूर्य या दोनच गोष्टी बघा. जून ते सप्टेंबर गवत, नेटलसारखी अंगाला आग करणारी झाडं आणि नेचे दगडाच्या अर्ध्यापर्यंत चढतात. शिवाय पश्चिमेकडे मिज या बारीक माशा आणि सगळीकडे गोचिड्या. डिसेंबरात एडिंबऱ्याला जेमतेम सात तास उजेड असतो, आणि भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त 10-11 अंश वर असतो. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर हे उत्तम.

सामान:

- पेन्सिल आणि जाड पाठीची वही (पावसात पेन चालत नाही)
- मोबाइल किंवा कॅमेरा, पॉवर बँक
- हातात धरायची जोरदार टॉर्च, काळं कापड किंवा मोठी छत्री
- न फुटणारा ॲक्रिलिकचा आरसा, शक्य असल्यास हातभर लांबीचा
- मोजपट्टी, होकायंत्र
- साध्या पाण्याची फवारणीची बाटली, मऊ केसांचा ब्रश
- गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा, गमबूट, पूर्ण पँट, हातमोजे, गोचिडी काढायचा चिमटा

धोका: उभ्या दगडाला टेकू नका, हलतोय का हे ढकलून पाहू नका, लहान मुलांना मोकळं सोडू नका. 2015 मध्ये ग्लासगोच्या क्रेगटन दफनभूमीत दगड अंगावर पडून एका आठ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. टेबलासारख्या पायांवर उभ्या असलेल्या आडव्या शिळा दिसतात भक्कम, पण त्यांचे पाय अनेकदा सुटे झालेले असतात. डबा खायला त्यावर बसू नका.

## टप्पा 5: आवारात पोचल्यावर

आपल्या आडनावाचा दगड दिसला की लोक तिथेच बसकण मारतात. तसं करू नका.

5.1 आधी पूर्ण फेरी. भिंतीच्या कडेने एक, मग रांगांमधून एक. भिंतीत बसवलेले दगड, पडक्या चर्चच्या आतली फरशी आणि दाराशी पायरी म्हणून वापरलेली शिळा, सगळं बघा. वही उघडून कच्चा आराखडा काढा आणि उत्तर दिशा दाखवा.

5.2 शेजारी. तुमच्या दगडाच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन आणि मागचा-पुढचा दगड, सगळे टिपा. एका कुटुंबाच्या लेअर बहुधा लागून असतात. आडनाव वेगळं म्हणून सोडलेला शेजारचा दगड पुष्कळदा बायकोच्या माहेरचा निघतो. एवढ्या लांब जाऊन जे लोक शेजारचे फोटो काढत नाहीत, त्यांना दुसरी फेरी हमखास मारावी लागते.

5.3 मागची बाजू. अठराव्या शतकातल्या दगडांवर एका बाजूला कोरीव चिन्हं आणि दुसऱ्या बाजूला मजकूर अशी रीत फार आढळते. कडेच्या जाडीवरही अक्षरं असतात. चारी बाजू बघा.

5.4 फोटोंचा क्रम. आवाराचं फाटक, मग दगड शेजाऱ्यांसकट, मग दगड एकटा समोरून, मग मजकूर भाग पाडून वरून खाली, मग मागची बाजू, शेवटी मोजपट्टी लावून एक. प्रत्येक दगडाच्या आधी वहीत त्याचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून त्याचा फोटो काढा, म्हणजे घरी गेल्यावर गोंधळ होत नाही.

### उजेड

इकडे ज्यांनी झिजलेले वीरगळ किंवा शिलालेख वाचलेत त्यांना हे ठाऊक असेल: समोरून पडलेल्या उजेडात अक्षर सपाट होतं, बाजूने घासत गेलेल्या उजेडात उठून दिसतं. जुन्या आवारांत दगडांची तोंडं बहुधा पूर्वेला किंवा पश्चिमेला असतात, त्यामुळे सूर्य नेमका दक्षिणेला आला की उजेड दगडाला घासत जातो. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं आणि एडिंबरा ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे, म्हणून ही वेळ बाराची नसून सव्वाएकच्या आसपासची असते. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडांना त्याच्या आधीचा तास द्या, पश्चिमेकडच्यांना नंतरचा. आडव्या शिळांसाठी सकाळ किंवा संध्याकाळ, जेव्हा सूर्य खाली असतो.

ढग असतील, आणि बहुधा असतीलच, तर काळं कापड किंवा छत्री धरून दगडावर सावली करा आणि टॉर्च दगडाच्या कडेपासून अर्धा ते एक मीटर दूर, पृष्ठभागाशी 10-15 अंशांत धरा. आधी डावीकडून एक फोटो, मग उजवीकडून, मग वरून. उभी रेघ एका बाजूच्या उजेडात दिसते, आडवी वरच्या उजेडात. ‘1’ आणि ‘7’ मधला फरक वरच्या उजेडातच कळतो. ऊन आहे पण दगड सावलीत आहे अशा वेळी आरसा उन्हात धरून त्याचा झोत दगडावर तिरका फेका.

अगदी गेलेल्या मजकुरासाठी 30 ते 60 फोटो एकमेकांवर दोन-तृतीयांश चढतील असे काढून ठेवा. फोटोग्रामेट्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये (मेशरूम फुकट आहे) त्यांचं त्रिमितीय रूप करून संगणकावर हवा तिथून उजेड पाडता येतो.

### काय करू नये

खडू, पीठ, शेव्हिंग फोम, तारेचा ब्रश, ब्लीच, व्हिनेगर, प्रेशर वॉशर: यांपैकी काहीही नको. शेव्हिंग फोमची युक्ती अजून लोक एकमेकांना सांगतात. त्यातली रसायनं वालुकाश्माच्या छिद्रांत बसतात आणि पाण्याने पुरती निघत नाहीत. मध्य स्कॉटलंडमधला वालुकाश्म पापुद्र्यांनी सुटतो. वरचा पापुद्रा हलला की नाव, साल सगळं एका हाताने खाली येतं. शिलालेखावर कागद लावून ठसा घ्यायची आपल्याकडची सवयही इथे बाजूला ठेवा. ॲबर्डीनशरच्या ग्रॅनाइटला काही होणार नाही, पण ग्रॅनाइट वाचायला ठशाची गरजही पडत नाही.

दगडफूल खरवडू नका, वेल ओढू नका. वेलीची मुळं भेगांत गेलेली असतात, ओढली की दगड सोबत येतो. चालतं ते एवढंच: साध्या पाण्याची हलकी फवारणी, तीही थंडी गोठणबिंदूजवळ नसताना, आणि सुटी माती मऊ ब्रशने झटकणं. ओल्या दगडावर कधी कधी अक्षर एकदम उमटतं.

## टप्पा 6: वाचन

जागेवरच उतरवून घ्या. फोटो आहे म्हणून घरी वाचू, असं म्हणणाऱ्याला घरी गेल्यावर ‘3’ की ‘8’ हे सांगायला दगड नसतो. ओळ जिथे संपते तिथे तिरकी रेघ, अंदाजाने भरलेलं अक्षर चौकटी कंसात, गेलेल्या अक्षराला एक टिंब. स्पेलिंग सुधारू नका.

अक्षरांच्या खोड्या: जुन्या दगडांवर ‘जे’च्या जागी ‘आय’ असतो, म्हणून ‘आय एम’ मधला ‘आय’ म्हणजे जॉन, जेम्स किंवा जॅनेट काहीही. ‘यू’ आणि ‘व्ही’ अदलाबदल होतात, ‘डब्ल्यू’ ऐवजी दोन ‘व्ही’. लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. ‘वाय-ई’ म्हणजे ‘द’. जागा संपली की कारागीर उरलेली अक्षरं ओळीच्या वर बारीक कोरतो किंवा दोन अक्षरं एकात जोडतो. मॅक आडनावात ‘एम’नंतर स्वल्पविराम किंवा वर चढवलेला छोटा ‘सी’ असतो. सूचीत शोधताना मॅकसह आणि मॅकशिवाय दोन्ही शोधा.

नुसती आद्याक्षरं आणि साल असलेला दगड टाकाऊ समजू नका. एका बाजूला दोन अक्षरं, दुसऱ्या बाजूला दोन, खाली 1738: हे बहुधा नवरा आणि बायको, आणि बायकोची अक्षरं माहेरच्या आडनावाची.

बायकांची नावं. स्कॉटलंडमध्ये लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनाव कायद्याच्या कागदांत आणि थडग्यांवर टिकून राहतं. ‘स्पाउस’ म्हणजे जोडीदार, ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. दगडावर दोन वेगळी आडनावं दिसली म्हणून दोन कुटुंबं समजणारे खूप आहेत. सरकारी मृत्यूनोंदींच्या सूचीत लग्न झालेली बाई माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांखाली शोधता येते.

‘इन’ की ‘ऑफ’. नावानंतर शेताचं नाव येतं तेव्हा मधला शब्द सोडू नका. ‘ऑफ’ असेल तर जमीन मालकीची, ‘इन’ असेल तर माणूस कुळ. हा एक शब्द चुकवलात तर पुढे मालकीहक्काच्या सेझीन नोंदींत महिनोन्महिने वाया जातील, कारण कुळाचं नाव तिथे सापडण्याची आशा नाही. ‘पोर्शनर’ म्हणजे जमिनीच्या हिश्श्याचा मालक, ‘फ्यूअर’ म्हणजे वार्षिक देणं भरून जागा धरणारा.

धंदे. ‘राइट’ म्हणजे सुतार, ‘फ्लेशर’ खाटीक, ‘बॅक्स्टर’ भटारी, ‘वेबस्टर’ विणकर, ‘लिट्स्टर’ रंगारी, ‘कॉर्डिनर’ चांभार, ‘ग्रीव्ह’ शेतावरचा मुकादम. आणि ‘रायटर’ म्हणजे लेखक नव्हे, वकील. ‘मर्चंट’ शब्दावर हुरळून जाऊ नका, गावातला किराणा दुकानदारही मर्चंटच.

शब्द गेला असेल तर चिन्ह वाचा. मुकुटाखाली हातोडा म्हणजे धातूकाम करणारे, धोटा विणकरांचा, भट्टीतलं लांब फावडं भटाऱ्याचं, कात्री आणि इस्त्री शिंप्याची, फाळ शेतकऱ्याचा. डंडीतल्या हाउफ या जुन्या दफनभूमीत (1564 ते 1857) ही चिन्हं ओळखायचा सराव होतो, कारण शहराच्या नऊ व्यवसायसंघांच्या सभाच तिथे भरत. कवटी, हाडं, वाळूचं घड्याळ ही मात्र मरणाची सर्वसाधारण चिन्हं. त्यावरून साथीचा रोग किंवा समुद्री चाचा शोधू नका.

## टप्पा 7: दगड पुन्हा कागदाशी ताडणं

लोक बहुतेक इथवर येऊन थांबतात. म्हणून एक नमुना रचून दाखवतो. समजा दगडावर असं आहे: लीथमधला सुतार डेव्हिड याने उभारला, वडील जेम्स यांच्या स्मरणार्थ, जे अमुक शेतावर कुळ होते, मृत्यू 3 मार्च 1841, वय 72, आणि आई जॅनेट, माहेरचं आडनाव वेगळं, मृत्यू 1858, तसंच त्यांची बालवयात गेलेली मुलं जॉन, जॉन आणि ॲग्नेस.

*वयाचं गणित.* वय 72 म्हणजे जन्म 4 मार्च 1768 ते 3 मार्च 1769 च्या दरम्यान. मजकूर ‘वयाच्या 72 व्या वर्षात’ असा असता तर माणूस 71 चा, आणि जन्म 4 मार्च 1769 ते 3 मार्च 1770. हा फरक फार लोक विसरतात. काहीही असलं तरी बाप्तिस्मा शोधताना आधी दोन्हीकडे दोन वर्षं, मग पाच वर्षं पसरा. म्हाताऱ्यांची वयं दगडावर वाढलेली असतात.

*सर्वांत पक्का धागा कुठला?* जॅनेट. ती 1858 मध्ये गेली, म्हणजे तिची सरकारी मृत्यूनोंद आहे, तिच्यात तिच्या आईवडिलांची नावं आहेत आणि दफनाची जागाही. नवऱ्याचं नाव त्या वर्षीच्या नोंदीत नसणार, पण दफनाची जागा हेच आवार आणि माहिती देणारा डेव्हिड असेल तर जोड पक्की. मुख्य नाव जेम्सचं असलं तरी शोध जॅनेटपासून सुरू करायचा.

*जनगणना.* 1841 ची जनगणना 6 जूनला झाली. जेम्स तीन महिन्यांपूर्वीच गेलेला, पण जॅनेट सापडायला हवी. त्या जनगणनेत 15 वर्षांवरच्या लोकांची वयं पाचच्या पटीत खाली आणली आहेत, 64 चं 60 होतं, आणि नाती लिहिलेलीच नाहीत. 1851 च्या जनगणनेत नातं आणि जन्माची पॅरिश दोन्ही मिळतात.

*दोन जॉन.* पहिला गेल्यावर त्याचं नाव पुढच्या मुलाला दिलं. एकाच नावाचे दोन बाप्तिस्मे सापडले तर एक नोंद चुकीची समजून काढू नका. नाव पुन्हा देण्याचा हट्ट का? स्कॉटिश रीतीत पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, दुसरा आईच्या बापाचं, तिसरा बापाचं. पहिली मुलगी आईच्या आईचं, दुसरी बापाच्या आईचं. म्हणजे जेम्सचा बाप जॉन असावा असा अंदाज बांधता येतो. हा अंदाज शोध कुठे करायचा हे सांगतो. पुरावा म्हणून वंशावळीत चालत नाही.

*पॅरिशच्या वह्या.* मुलांच्या बाप्तिस्म्यात बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव आणि शेत, तिन्ही जुळायला हवीत. लग्नाची नोंद बहुधा लग्नाआधी चर्चमध्ये होणाऱ्या घोषणेची असते, आणि वर-वधू वेगळ्या पॅरिशचे असतील तर ती दोन्हीकडे, कधी वेगळ्या तारखांना सापडते. 1783 ते 1794 मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता. तो चुकवायला लोकांनी नोंदीच टाळल्या, तेव्हा त्या वर्षांतलं रिकामं पान पाहून मूल जन्मलंच नाही असं धरू नका. दफनाची नोंद पुष्कळदा ‘मॉर्टक्लॉथ’च्या भाड्याची असते, म्हणजे शवपेटीवर घालायच्या कापडाची, तिच्यातली तारीख पैसे दिल्याची. ही भाडी किर्क सेशनच्या, म्हणजे पॅरिश चर्चच्या कारभारी मंडळाच्या, हिशेबवह्यांतही सापडतात, आणि त्या वह्यांच्या प्रतिमा स्कॉटलंड्सपीपलवर आहेत.

*नावांची रूपं.* दगडावर एक, वहीत दुसरं. जॅनेटची जेसी किंवा जेनी, इझबेलची एलिझाबेथ किंवा एल्स्पेथ, ग्रिझेलची ग्रेस, अ‍ॅग्नेसची नॅन्सी. डोनाल्डचा डॅनिएल, पॅट्रिकचा पीटर. ‘क्रिश्चन’ हे नाव असेल तर ती बहुधा बाई. बॅन्फशरच्या किनाऱ्यावरच्या कोळी गावांत एकाच नावाचे इतके लोक असत की ‘टी-नेम’ म्हणून टोपणनाव जोडत. ते दगडावर असेल तर आडनावाइतकंच जपून लिहून घ्या.

*वर्षाची सुरुवात.* इंग्लंडच्या पुस्तकांत 1752 पूर्वीच्या जानेवारी ते मार्चच्या तारखांना दुहेरी साल लावायला सांगतात. स्कॉटलंडमध्ये 1600 पासूनच वर्ष 1 जानेवारीला सुरू होतं. दुहेरी साल लावून चांगली तारीख बिघडवू नका.

*दगड इथे, माणूस दुसरीकडे.* ‘मुंबईत मृत्यू’, ‘पुण्यात मृत्यू’ अशा ओळी स्कॉटिश आवारांत अधूनमधून दिसतात. तिथे देह नाही, फक्त नाव आहे. अशा माणसाची दफननोंद ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात, मुंबई इलाख्याच्या चर्चनोंदींच्या ‘एन-3’ मालिकेत शोधावी. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या फुकट सूचीतून सुरुवात करणं सोपं. उलट दिशेने, शिवडीच्या दफनभूमीतल्या स्कॉटिश नावावरून मूळ गाव गाठायचं असेल तरी काम पहिल्या टप्प्यापासूनच सुरू होतं.

तपासा: दगडावरची व्यक्ती तुमचीच आहे असं म्हणायला नावाखेरीज किमान दोन स्वतंत्र गोष्टी जुळाव्यात: जोडीदाराचं माहेर, शेत, धंदा, मृत्यूची तारीख, यांतल्या कोणत्याही दोन. एकच जुळत असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जा.

## टप्पा 8: नोंद ठेवणं

फाइलच्या नावात पॅरिश, दगडाचा क्रमांक, बाजू आणि तारीख एवढं हवं. प्रत्येक दगडासाठी एक ओळ: आवार, जागा, दगडाचा प्रकार, तोंडाची दिशा, जसाच्या तसा मजकूर, तुमचा अर्थ, जुन्या यादीतलं वाचन. मजकूर आणि अर्थ एका रकान्यात मिसळू नका. वर्षभराने ‘जॅनेट (बहीण?)’ हे दगडावर होतं की तुमच्या मनात, हे सांगता येत नाही.

मृत्यू आणि दगड उभारणी यांच्या सालांत अंतर आहे का तेही लिहा. एकाच वळणाच्या अक्षरांत 1790, 1812 आणि 1841 कोरलेले असतील तर दगड 1841 नंतरचा, आणि 1790 ची तारीख अर्धशतकानंतरच्या आठवणीतली. अक्षर मध्येच बदललं असेल तर कुठल्या ओळीपासून बदललं ते टिपा. त्याखालच्या तारखा त्या-त्या वेळच्या असल्यामुळे जास्त भरवशाच्या.

फोटो सार्वजनिक करताना अलीकडच्या दफनांचे आणि हयात माणसांची नावं दिसणारे दगड वगळा. जुन्या यादीत चूक सापडली तर ती करणाऱ्या संस्थेला दगडाचा क्रमांक, दोन बाजूंच्या उजेडातले फोटो आणि तुमचं वाचन पाठवा.